गेरूचं मडकं

॥ श्री ॥

सोलापूर, पौष वद्य तृतीया, शके १८५८
ता. २९ जानेवारी १९३७

चि. प्रभा हीस अण्णाचे अनेक आशीर्वाद.

तुझं तिळगुळाचं पाकीट पोचलं. हलवा वाटेत फुटून त्याची निम्मी पिठी झाली होती, पण चव चांगली. तुझ्या आईने तो डब्यात कुलूपबंद करून ठेवला आहे आणि मला देताना 'खोकला आहे ना तुम्हाला' म्हणते. खोकला आहे तसाच आहे. थंडी यंदा फार. शरच्चंद्रांना लोकरी गळपट्टा वापरायला सांग. शाळामास्तरांचा घसा हेच त्यांचं भांडवल.

कार्ड लिहिणार होतो. पण आमचा पोस्टमन कार्डं वाचतो. नुसता वाचत नाही, वाटेत भेटला की त्यावर सल्लाही देतो. म्हणून पाकीट.

मुख्य बातमी अशी की सरोजिनीचं बार्शीला ठरलं. मुलगा तिथल्या शाळेत ड्रॉइंग शिकवतो. वडील वेणीमाधवराव, मामलेदार कचेरीतून पेन्शन घेतलेले, माणूस नियमाचा, बोलताना बोट वर करून बोलतो. विहीणबाई गिरिजाबाई शांत वाटल्या. सुपारी फुटली. फाल्गुनात मुहूर्त आहे. तुझी बहीण आठ दिवस आरशापुढे आणि आठ दिवस रडते, असं चाललं आहे.

तुमच्या हुबळीला 'नगरघंटा' येतो का? इथलं साप्ताहिक आहे. येत नसेल तर उत्तम. शरच्चंद्र वाचनालयात जातात म्हणून विचारलं, दुसरं काही नाही.

त्या 'नगरघंटा'ने मला या महिन्यात जो ताप दिला आहे तो मलेरियाने दिला नसता. तुला माहीत आहे, मी मराठी चौथीतून निघालेला माणूस. पण वर्तमानपत्र मी आजवर पंचांगासारखं वाचत आलो. छापलेलं आहे म्हणजे कोणीतरी बघून, तपासून छापलं असणार, अशी माझी समजूत. आता एवढ्या वयात ती समजूतही गेली.

झालं असं. कौन्सिलच्या निवडणुका आल्यात, त्यामुळे गावात सध्या मत, मत, मत, दुसरा शब्द नाही. त्यात 'नगरघंटा'च्या संपादकाने कुठेतरी वाचलं की अमेरिकेत वर्तमानपत्रं लोकांना प्रश्न विचारतात, उत्तरं मोजतात आणि देशाच्या मनात काय आहे ते छापतात. झालं! आपणही सोलापूरच्या मनात काय आहे ते काढू. कुठे? तर गड्ड्याच्या जत्रेत. सिद्धेश्वराच्या यात्रेला लाखभर माणूस लोटतं, तेवढं लोकमत आयतं जमतं, असा हिशेब.

माझं दुकान नेहमीप्रमाणे होम मैदानावर मांडलं होतं. कुंकू, हळद, बुक्का, उदबत्ती. एका बाजूला निंगप्पा घोंगडीवाला, नेहमीचा. दुसऱ्या बाजूला यंदा हे 'नगरघंटा'चं टेबल. टेबलावर दोन मडकी. एक चुन्याने पांढरं केलेलं, एक गेरूने तांबडं. मागे पाटी. पाटीवर प्रश्न: 'पुनर्विवाह केलेल्या स्त्रीस मंगलकार्यात सुवासिनीचा मान असावा काय?' असावा म्हणणाऱ्याने पांढऱ्या मडक्यात दाणा टाकायचा, नसावा म्हणणाऱ्याने तांबड्यात.

प्रश्न वाचून मी चष्मा काढून पुसला. शंभर प्रश्न होते जगात. पाण्याच्या नळाचा होता, रस्त्यावरच्या धुळीचा होता. यांना हाच सापडला, आणि तो माझ्या दुकानाला टेकून मांडायचा होता.

पहिल्या दिवशी दाणे म्हणून शेंगदाणे ठेवले. लोकांनी शेंगदाणे घेतले, खाल्ले आणि पुढे गेले. दुसऱ्या दिवशी अक्कल आली, चिंचोके आणले. तिसऱ्या दिवसाअखेर मोजणी. आणि पुढच्या अंकात पहिल्या पानावर ठळक: 'सोलापूरकरांचा एकमुखी कौल! शंभरात एक्क्याण्णव विरुद्ध!'

सोलापूरकर म्हणजे कोण, हे कुठेही नाही. गड्ड्याला अर्धे लोक अक्कलकोटकडचे, विजापूरकडचे. त्यांना मराठी पाटी वाचता येत नाही. आपल्या पूर्वभागातले विणकर घरात तेलुगू बोलतात. ज्यांना वाचता येतं ते पाटीपर्यंत पोचेतो मागची गर्दी त्यांना पुढच्या पाळण्यापर्यंत ढकलत नेते. तरी म्हणे एकमुखी! मला तुझ्या आईच्या मनात काय आहे ते कळायला चाळीस वर्षं लागली, तेही अजून खात्रीने सांगता येत नाही. यांना तीन दिवसांत अख्ख्या गावाचं कळलं.

वेणीमाधवरावांनी ते कात्रण मला पोस्टाने पाठवलं. निळ्या पेन्सिलीने रेघ मारून. सोबत एकच ओळ: 'लोकमत काय आहे हे पाहावे व मांडवात त्याप्रमाणे व्हावे.' त्यांना काय म्हणायचं आहे ते तुझ्या लक्षात येईल. माझ्या आलं. सुपारी फुटताना त्यांना तुझ्याबद्दल सगळं सांगितलं होतं, तेव्हा ते 'असू द्या, असू द्या' म्हणाले होते. तेव्हा कात्रण निघालं नव्हतं.

तुझं येणं म्हणशील, तर हुबळीहून गाडी रात्री होटगीला येते आणि तिथे बदलावी लागते. फलाटावर वारा फार असतो. तुझी प्रकृती नाजूक. दिवसही परीक्षेच्या आधीचे, शरच्चंद्रांना रजा मिळेल न मिळेल. तूच सर्व बाजूंनी विचार करून काय ते ठरव. तू शहाणी आहेस.

अधिक काय लिहावं.

तुझा
अण्णा


॥ श्री ॥

सोलापूर, पौष वद्य द्वादशी
ता. ८ फेब्रुवारी १९३७

चि. प्रभा हीस आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. पत्र म्हणजे तीन ओळी. 'अण्णा, वर्तमानपत्र इथे येते. मी यावे की येऊ नये एवढेच कळवा, गाडीचा वारा मी पाहून घेईन. माझ्या पुनर्विवाहानंतरच्या चार वर्षांत तुमच्या एकाही पत्रावर माझ्या नावामागे सौ. नाही, तेव्हा तुमचा कौल मला पाटी न वाचताही समजतो.' आणि सोबत कात्रण. पहिल्या अंकाचं नव्हे, दुसऱ्या अंकाचं. ज्यात माझं नाव आहे ते.

मला वाटलं होतं ते तुझ्यापर्यंत जाणार नाही. मागच्या पत्रात मी 'नगरघंटा येतो का' विचारलं ते त्यासाठीच. तू ओळखलं असशील. लहानपणापासून तुला माझी लपवाछपवी कळते. बत्तासे कुठे ठेवलेत तेही कळायचं.

आता सगळं लिहितो. तुझी आई समोर बसली आहे आणि 'पुढे लिहा' म्हणते आहे.

ते दोन मडकी मांडणारे लोक मांडायच्या आदल्या दिवशी माझ्याच दुकानात आले होते. गेरू माझ्याकडून नेला. कशाला हवा हे मी विचारलं नाही. दुकानदार विचारत नाही.

मडकी मांडली तो अक्षतांनंतरचा दुसरा दिवस. तुला गड्डा माहीत आहे. सिद्धरामेश्वर आणि कुंभाराची लेक, तिचं त्याच्या योगदंडाशी लागलेलं लग्न, संमती कट्ट्यावरच्या अक्षता, हे सगळं लोकांच्या डोळ्यांत ताजं. आणि अशा वेळी होम मैदानावर, कुंकवाच्या दुकानाला लागून, उंचावर, गेरूने सारवलेलं एक नवं कोरं मडकं! काय वाटेल माणसाला? पहिली एक म्हातारी आली, मोहोळकडची असावी. तिने माझ्याकडून कुंकवाची पुडी घेतली, वळली, तांबड्या मडक्याला बोट लावलं, झेंडूचं फूल ठेवलं, हात जोडले. मागची म्हणाली, "काय गं हे?" म्हातारी म्हणाली, "कुंभारकन्येचा घट हाय न्हवं. पोरीचं लगीन जमंना झालंय, टाक की एक दाना." तिने टाकला. मग तिच्या मागचीने. मग रांग लागली.

पांढऱ्या मडक्याकडे कोण बघणार? चुन्याचं मडकं म्हणजे शेतात दृष्ट लागू नये म्हणून काठीवर उलटं घालतात ते. त्यात दाणा टाकणं अपशकुन, असं एकीने आपल्या पोराला दरडावून सांगितलेलं मी कानांनी ऐकलं. त्या पांढऱ्यात जे काही पडले ते पाटी वाचणाऱ्यांचे. थोडेच होते, पण त्यांनीच तेवढं खरं मत दिलं.

टेबलावर 'नगरघंटा'चा कारकून बसवला होता. तो बहुतेक वेळ तंबूतला सिनेमा बघायला जायचा. निंगप्पा हसून हसून घोंगड्यांवर आडवा. म्हणाला, "पंत, तुमच्या शेजारी नवा देव बसलाय की हो! आता आमचा सिद्धरामय्या काय खानार?"

मीही हसलो. प्रभा, मी हसलो. मला त्यात काही वाईट दिसलं नाही. बायका कुंकवाची पुडी घ्यायच्या आणि तिथेच वळायच्या. दुसऱ्या दिवशी दुपारीच माझं कुंकू संपलं, घरून आणखी आणवलं. असा गड्डा मला दहा वर्षांत झाला नव्हता. कोणी विचारलं तर सांगायचो, 'देव नाही हो ते, कौल आहे.' पण फार मोठ्याने सांगत नव्हतो. गिऱ्हाईक मोडतं.

छापून आल्यावर मात्र डोकं फिरलं. ज्या बायकांनी लेकीच्या लग्नासाठी हात जोडले, त्यांचे चिंचोके माझ्या लेकीच्या विरुद्ध मोजले. मी तसाच उठून सात रस्त्याजवळच्या त्यांच्या कचेरीत गेलो. संपादक तिशीतला, केस मागे वळवलेले, तोंडात पान.

म्हटलं, "हा तुमचा आकडा खोटा आहे."

म्हणाला, "काका, आकडा कसा खोटा असेल? मी स्वतः मोजलाय. पुन्हा मोजू?"

"मोजणी नाही हो खोटी. लोकांना प्रश्नच माहीत नव्हता. त्यांनी देव समजून दाणे टाकले."

तो मागे रेलला. "देव समजून? वा! मग तर कौल फारच पवित्र झाला की."

"थट्टा करू नका. या कौलामुळे लोकांच्या घरात भांडणं लागली आहेत."

"म्हणजे लोक वाचतायत," तो म्हणाला. खरोखर खूश झाला तो! मग जरा समजावणीच्या सुरात म्हणाला, "हे बघा काका, आम्ही मत देत नाही. आम्ही फक्त आरसा धरतो. तुम्हाला काही वेगळं दिसलं असेल तर पत्र लिहा. आम्ही जरूर छापू. आमच्याकडे सर्वांना जागा आहे."

मी घरी येऊन पत्र लिहिलं. तीनदा फाडलं, चौथ्यांदा सरोजिनीकडून तपासून घेतलं. त्यात लिहिलं की मी शेजारी हजर होतो. तांबडं मडकं कुंभारकन्येचा घट समजून लोकांनी भक्तीने दाणे टाकले. सबब हा कौल रद्द समजावा. खाली सही.

आणि छापलं काय? ते तुझ्यासमोर आहेच. 'कौलावर शिक्कामोर्तब! येथील जुने व प्रतिष्ठित व्यापारी रा. यज्ञेश्वरपंत वैरागकर हे समक्ष हजर होते. ते कळवितात की, लोकांनी देवास साक्षी ठेवून अत्यंत भक्तिभावाने आपला कौल दिला.' बस्. एवढंच. बाकी सगळं कापलं. माझ्या दुकानाला कोणी आजवर प्रतिष्ठित म्हटलं नव्हतं, तेही याच दिवशी म्हणायचं होतं.

परत गेलो. आता संपादक भेटेना. कारकून म्हणाला, "खुलासा येईल काका, जागा झाली की." पुढचा अंक आला. माझ्या खुलाशाच्या जागी केस काळे करण्याच्या तेलाची जाहिरात होती. मी तो अंक सबंध, तेलासकट, दोनदा वाचला.

निंगप्पाला सांगितलं तर त्याने वेगळीच बातमी दिली. उरलेले चिंचोके कचेरीने टाकून दिले नाहीत, पोत्यात भरून एका खळवाल्याला विकले. खळवाला ते भाजून, दळून, शिजवून विणकरांना सुतासाठी खळ देतो. निंगप्पा म्हणाला, "काळजी कशाला करता पंत? तुमच्या लोकमताची खळ झाली. चार दिवसांनी कुनाच्या तरी लुगड्याला लागंल आन् पैल्या धुन्यात निघून जाईल."

कापडातून जाईल. माणसांच्या डोक्यातून जात नाही ना. परवा देवळात एक ओळखीचे गृहस्थ माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "पंत, पोटच्या मुलीविरुद्ध निर्भीडपणे लिहिलंत. तुमची कमाल आहे." मला त्यांना मारावंसं वाटलं. मी नमस्कार केला.

तुझी आई म्हणते की हे सगळं लिहून झालं तरी पोरीने जे विचारलंय त्याचं उत्तर अजून यात नाही. मी म्हटलं, लिहितो आहे ना. ती म्हणाली, "मडक्याचं लिहिताय." आणि उठून आत गेली.

तर ऐक. मी गुरुवारी सर्व्हिस मोटारीने बार्शीला जातो. वेणीमाधवरावांना समक्ष सांगतो की ज्या कागदावर ते निळी पेन्सिल मारतात तो कागद कसा तयार झाला. माणूस नियमाचा आहे, खरं-खोटं त्याला कळेल. त्यांनी हो म्हटलं की तुला लगेच लिहितो. तोवर तिकीट काढू नकोस, पण काढणारच नाही असंही ठरवू नकोस.

तुझा
अण्णा


॥ श्री ॥

सोलापूर, माघ शुद्ध नवमी
ता. २० फेब्रुवारी १९३७

चि. सौभाग्यवती प्रभा हीस तिच्या बापाचे अनेक आशीर्वाद.

वर लिहिलेलं वाचलंस ना. शाई थोडी फिसकटली आहे, पण अक्षर माझंच आहे.

बार्शीला जाऊन आलो. आधीच लिहायला हवं होतं. आठ दिवस रोज दौत उघडत होतो आणि बंद करत होतो. इथे निवडणुका पार पडल्या, लोकांनी मतं दिली, आता सगळे सांगतायत की आम्हाला आधीच माहीत होतं.

वेणीमाधवरावांनी आदराने बसवलं. चहा झाला. मी आरंभापासून सांगायला लागलो. शेंगदाणे, चिंचोके, चुना, गेरू, म्हातारी, रांग. ते बोट वर करून ऐकत होते. गिरिजाबाई दाराआड उभ्या होत्या, पदर दिसत होता. मी 'कुंभारकन्येचा घट' म्हणालो मात्र, पदर हलला.

"अहो," त्या आतून म्हणाल्या, "तो घट नव्हता?"

वेणीमाधवराव म्हणाले, "तू मध्ये बोलू नकोस."

"मध्ये नाही, विचारते. घोंगड्यांच्या दुकानापलीकडे? तांबडा? झेंडूची फुलं वाहिलेला?" त्या दाराबाहेर आल्या. "अहो, आपण टाकले की दाणे तिथं! गर्दीत पाटीही दिसली नाही, शेजारचं व्याह्यांचं दुकानही नाही. मी टाकला, तुम्ही टाकला. मुलाचं लग्न निर्विघ्न होऊ दे म्हणून. तुम्ही तर चपला काढून टाकलात!"

प्रभा, मला मोठ्याने हसायचं होतं, पण व्याह्यांचं तोंड बघून हसू गिळलं. ज्या एक्क्याण्णवांच्या जोरावर त्यांनी मला कात्रण पाठवलं होतं, त्यात ते स्वतः होते, सपत्नीक, अनवाणी! स्वतःच्या मुलाचं लग्न सुखरूप व्हावं म्हणून मागितलेलं मागणं त्यांनी स्वतःच कापून, निळी रेघ मारून, त्याच लग्नात विघ्न आणायला वापरलं होतं.

मला वाटलं, संपलं. आता हा माणूस हसेल, मांडीवर थाप मारेल, आणि मी संध्याकाळच्या मोटारीने घरी.

त्यांनी वर केलेलं बोट खाली घेतलं. मग म्हणाले, "यज्ञेश्वरपंत, तुम्ही म्हणता ते खरं असेल."

"असेल काय? तुम्ही स्वतः टाकलात!"

"खरं आहे म्हणू. पण छापून आलंय त्याचं काय? माझ्या जुन्या कचेरीतल्या लोकांनी वाचलंय. आमच्या आळीने वाचलंय. त्यांना काही हे गेरूचं माहीत नाही. ते म्हणणार, सोलापूरचं मत असं आहे आणि वेणीमाधव त्याच्या उलट वागला. आता लोकांना काय वाटतं ते त्यांनी वाचलंय, तेव्हा त्यांना तसंच वाटणार. नाही का?"

आधी खोटं मत छापतात. मग ते वाचून लोक तेच मत धरतात. आणि मग ते खरं होतं. गेरूचं मडकं देव नव्हतं, पण आता झालं की! मी म्हटलं, "अहो, मग पुढच्या गड्ड्यात त्यांनी मडक्यांचे रंग उलटे केले तर तुम्ही माझ्या मुलीला आरतीने आणाल?"

ते म्हणाले, "छापून आलं तर विचार करता येईल."

थट्टेने नाही म्हणाले. प्रामाणिकपणे म्हणाले.

मी उठलो. टोपी घातली. ओट्यावर चपला शोधत होतो तोवर गिरिजाबाई हातात सुपारीची डबी घेऊन बाहेर आल्या. हळू, पण अगदी स्पष्ट म्हणाल्या, "व्याहीबुवा, थोरलीला आणा. तिची ओटी मी भरीन. सगळ्यांसमोर, पहिली. माझा दाणा मी देवाला दिला होता, छापखान्याला नव्हे." आतून व्याह्यांचं खाकरणं ऐकू आलं. दोनदा. त्यांनी ऐकलं, आणि नाही म्हटलं नाही. हो सुद्धा म्हटलं नाही. त्या माणसाकडून याहून जास्त मिळेल असं मला वाटत नाही. ऐन वेळी ते मांडवात तोंड फिरवून बसतील, कदाचित उठूनही जातील. सरोजिनीला मी हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, "बसू देत तोंड फिरवून. लग्न मुलाशी आहे." आणि नेहमीसारखी रडायला लागली, पण या वेळी आरशापुढे नव्हे, आईच्या गळ्यात पडून.

म्हणजे सगळ्यांचं सांगून झालं. गिरिजाबाईंनी आपलं सांगितलं, सरोजिनीने सांगितलं. तुझी आई तर चार वर्षं सांगतेच आहे, तिला कोणी विचारलं नाही एवढंच. राहिलो मी.

माझं सांगणं मागच्या पत्रात नव्हतं. तुझी आई म्हणाली ते बरोबर होतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी गर्दी ओसरली होती. तो कारकून सिनेमाहून आला आणि एक चिंचोका माझ्या हातावर ठेवून म्हणाला, "काका, तुमचं राहिलं." मी टेबलापुढे उभा राहिलो. त्या सबंध मैदानावर मला ती पाटी वाचता येत होती, कुठल्या मडक्याचा काय अर्थ हे मला ठाऊक होतं, आणि प्रश्न कोणाचा आहे तेही मला ठाऊक होतं. पुढे होऊन हात लांब करायचा, एवढंच. निंगप्पा बघत होता. देवळातले ते गृहस्थ तेव्हाच उदबत्त्या घ्यायला आले होते. मी चिंचोका कोटाच्या खिशात टाकला आणि त्यांना उदबत्त्या दाखवायला वळलो.

म्हणून त्या एक्क्याण्णवांवर आणि त्या संपादकावर मी एवढा चिडत होतो. त्यांनी निदान मडक्यात हात घातला.

बार्शीहून आल्यावर तो चिंचोका शोधला. काय करणार होतो कोणास ठाऊक. खिसा रिकामा. तुझ्या आईला विचारलं, तर म्हणाली, कोट उन्हात घालताना सापडला, चिंचोक्यांच्या बरणीत टाकला. बरणी कुठे? तर ती मागच्या आळीतल्या पद्मसाळी विणकरांच्या सुनेने खळीसाठी मागून नेली. म्हणजे माझ्याही मताची खळ झाली.

तेव्हा ते आता इथे लिहितो. वाचता येईल अशा मोठ्या अक्षरात लिहितो.

तू ये.

शरच्चंद्रांना घेऊन ये. रजा मिळाली नाही तर एकटी ये, मी होटगीच्या फलाटावर उभा राहीन, वारा असो नसो. लग्नाच्या आधी चार दिवस ये. देवदेवकाला तू हवीस, मांडवात पुढे हवीस, आणि हळदीकुंकवाचं तबक तुझ्या हातात असेल. कुंकू आपल्या दुकानातलं आहे, गड्ड्यानंतरचं, ताजं. पहिलं बोट आई तुला लावेल. मग गिरिजाबाई ओटी भरतील. कोणी उठून गेलं तर जागा होईल, आपल्याकडे माणसं पुष्कळ आहेत.

माझी भीती गेली असं समजू नकोस. उद्या सकाळी पोस्टात टाकेपर्यंत मला झोप नाही. पण टाकणार मी स्वतः आहे, कोणाच्या हाती देणार नाही.

आणि खाली नाव पूर्ण लिहितो. तुझ्या सासरी कोणाला दाखवायचं तर दाखव. 'नगरघंटा'ला पाठवायचं तर तेही कर, एक शब्द न कापता छापा म्हणावं.

माझ्या लेकीला बोलावणारा, तिचा बाप,
यज्ञेश्वर वैरागकर
कुंकवाचे व्यापारी, सोलापूर